प्लास्टिकखालचा तहखाना

बाभुळगावात तहसील कचेरीसमोर झेरॉक्सची दुकानं ओळीनं उभी आहेत, पण लॅमिनेशन म्हटलं की लोक वाहिदभाईचंच दुकान विचारत येत. ‘कशफ झेरॉक्स’ अशी पाटी, लेकीच्या नावाची. आणि वाहिदभाईचं ते लॅमिनेशनचं वेड काय सांगावं! कागद म्हटला की तो भिजणार, चुरगळणार, त्याला उंदीर लागणार, याचीच त्याला धास्ती. गिऱ्हाईक ‘नुसती कॉपी द्या’ म्हणालं तरी हा म्हणणार, ‘प्लास्टिक मारून देऊ का? जल्मभर टिकन.’ घरात तर विचारूच नका. स्वतःच्या निकाहची पत्रिका, मेलेल्या बापाचा एसटीचा पास, कशफनं पहिलीत काढलेलं कोंबडं, सगळं चकचकीत. त्याची बायको जुबैदा म्हणायची, ‘मी घडीभर पाठ टेकवली ना, तर हा माणूस मलेही मशीनमधून काढन.’

एकदा अंगणवाडीच्या इंदुताईंचा अस्सल दाखला त्यानं असाच न विचारता चकाचक करून दिला. कचेरीतल्या साहेबानं तो परत सरकवला, म्हणाला, प्लास्टिकवर शिक्का कुठं मारू? इंदुताईंनी भर रस्त्यात वाहिदभाईची अशी खरडपट्टी काढली की समोरचा चहावाला हातात गाळणी धरून ऐकत राहिला. माणसानं यावरून शहाणं व्हावं की नाही? छे! चुकलं म्हणाला, नवा दाखला काढायला स्वतः खेटे घातले, आणि तो हातात आल्याबरोबर विचारतो कसा, ‘ताई, याले तरी मारू का?’

दुकानाला लागून टिनाचं एक शेड होतं. तिथं त्याचा थोरला, परवेज, फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. बाप बोलून बोलून गिऱ्हाईक बांधून ठेवणारा, आणि पोरगा असा मुका की पंप कुणाचा आहे हे विचारायलाही त्याला नको वाटे. हात मात्र सोन्याचा. अख्ख्या तालुक्यातून पंप यायचे, आणि परवेज खाली मान घालून वायसर बदलत बसायचा. वाहिदभाईला पोराचा अभिमान होता, पण त्याच्याशी बोलायचं काय हे काही त्याला उमगत नसे. जेवलास का, झोपलास का, यापुढे दोघांची गाडी सरकत नव्हती.

आणि मग त्या पोराला तो खेळ सापडला. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या माणसानं तयार केलेला, इंटरनेटवरून उतरवायचा, कागदावर छापायचा आणि एकट्यानं खेळायचा. पंप नसले की परवेज दुकानात शिरायचा, कॉम्प्युटरवरून चौकटीचौकटीचा एक कागद काढायचा, आणि कशफच्या लुडोतला फासा आणि पेन्सिल घेऊन शेडमध्ये बसायचा. वाहिदभाईचा जीव कागदासाठी तुटे. ‘लहान पोट्टा हाय का बे तू?’ असं तो ओरडायचा. मग परवेजनं बिघडलेल्या कॉप्यांच्या कोऱ्या पाठी वापरायला सुरुवात केली. त्या साली कर्जमाफीचे अर्ज ढिगानं निघत होते आणि ढिगानं बिघडत होते, त्यामुळे कागदाला तोटा नव्हता.

एका दुपारी दुकान रिकामं होतं, म्हणून वाहिदभाई शेडमध्ये डोकावला. ‘सांग तरी बाप्पा, करून काय राह्यला तू हे?’

परवेजनं नवलानं बापाकडे पाहिलं. मग कागद पुढे सरकवला. ‘हा तहखाना हाय अब्बा. जमिनीखालचा. फासा टाकला का कळते पुढची खोली कशी हाय, मंग थे आपण काढाची. खोलीत कधी खजिना भेटते, कधी राक्षस, कधी काहीच नाई. हा पेन्सिलचा ठिपका म्हंजे मी. खोली बदलली का जुना ठिपका खोडाचा अन् पुढे काढाचा.’

‘अन् हे चौकोन?’

‘दिव्यातलं तेल. नवी खोली काढली का एक चौकोन काळा कराचा. तेल संपाच्या आत वर जाचा जिना सापडला, तर जितलो.’

‘अन् नाई सापडला तर?’

‘तर थो ठिपका तिथंच राह्यते. अंधारात.’

इंग्रजीतले राक्षस परवेजला काही पटले नव्हते, त्यानं आपले घातले होते. एका खोलीत कापसाच्या गंजीवर खरेदी केंद्राचा ग्रेडर बसलेला, येणाऱ्याला ‘माल ओला हाय’ म्हणून परत लावणारा. त्याला हरवायला फाशावर पाचच्या वर पडावं लागे. एका बोळात लाइनमन, तो भेटला की दिव्याचा एक चौकोन फुकटचा जायचा. आणि सगळ्यात वाईट बोंडअळी. ती मरतच नसे, तिच्यापासून पळावंच लागे. वाहिदभाई पोट धरून हसला. आपल्या मुक्या पोराच्या डोक्यात एवढं सगळं आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला फार बरं वाटलं. म्हणाला, ‘असं एकटंच काहून जाते बे? माहाही एक ठिपका काढ ना, मी येतो तुह्यासंगं.’

परवेजही हसला. ‘नाई अब्बा, एकट्याचा खेळ हाय. दुसरा ठिपका नसते याच्यात.’

तेवढ्यात गिऱ्हाईकानं हाक मारली आणि वाहिदभाई उठला. पण ती दुपार त्याच्या मनात राहिली. पुन्हा एकदा निवांत बसू, असं त्यानं ठरवलं. ठरवलेलं राहतंच, तसं राहिलं.

कारण तो हंगामच तसा उलटा होता. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेलेली, आणि बोंडात अळी अशी की कोणत्याच औषधाला दाद देईना. लोक एका औषधात दुसरं मिसळत, दुसऱ्यात तिसरं. पंपांना उसंत नव्हती. सकाळी शेड उघडायच्या आधी लोक पंप पाठीवर घेऊन उभे असत. सगळ्यांची एकच तक्रार, नोझल चोंदलं. आता नोझल म्हणजे केसाएवढं भोक. त्यात पिन घातली की भोक मोठं होतं, मग औषध धारेनं सांडतं आणि शेतकरी भांडायला येतो. म्हणून पंपवाले काय करतात? नोझल ओठांत धरतात आणि फुंकर मारतात. बोरी अरबपासून महागावपर्यंत सगळे तेच करतात. जुबैदा ओरडायची, ‘थे तोंडात नको घालू रे, जहर हाय थे!’ परवेज म्हणायचा, ‘थुकून टाकतो ना अम्मी.’ थुंकून जहर जात असतं तर आणखी काय हवं होतं!

एका संध्याकाळी तो शेडमधून घामानं न्हालेला बाहेर आला, नाल्याशी जाऊन ओकला, आणि दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, ‘अब्बा, मले पाटी दिसून नाई राह्यली.’ वाहिदभाईनं मान वर करून पाहिलं. पाटीवरचा दिवा तर लख्ख लागला होता. शेजारच्या दुकानदारानं मोटारसायकल काढली, दोघांनी पोराला मध्ये धरलं आणि यवतमाळचा दवाखाना गाठला.

वॉर्डात फवारणीवाल्यांनी खाटा भरलेल्या, जमिनीवरही गाद्या टाकलेल्या. डॉक्टर पोरं धावून धावून दमली होती. परवेजची ती रात्र फार वाईट गेली. पण दुसऱ्या दिवशी घाम थांबला, त्यानं आईला ओळखलं, चहा मागितला. जुबैदानं तिथंच दुपट्टा पसरून शुक्रान्याची नमाज अदा केली. वाहिदभाईच्या जिवात जीव आला. पोरानं चहाबरोबर आणखी एक गोष्ट मागितली, ती कशफ दुपारच्या बसनं घेऊन आली. शेडमधला अर्धा राहिलेला कागद, फासा आणि पेन्सिल.

डोळ्यांना अजून अंधुकच होतं. परवेज कागद नाकाशी धरून, हळूहळू खोल्या काढत होता. हाताला जोर नव्हता, त्यामुळे रेघा अगदी फिकट उमटत होत्या. वाहिदभाई खाटेच्या पायथ्याशी बसून बघत होता. शेवटी पोरगा थकला. ठिपका एका दारासमोर उभा होता, आणि दिव्यात तेलाचा एकच चौकोन उरला होता.

‘आता एकच खोली,’ परवेज म्हणाला. ‘जिना निंगाला तर भाहेर. उद्या काढतो. मान दुखून राह्यली.’ मग त्यानं कागद बापाच्या हातात दिला. ‘सांभाळून ठेवा अब्बा. इथं सलाईन-गिलाईन सांडते.’

सांभाळून ठेवा! वाहिदभाईला दुसरं कुणी सांगितलं असतं तरी त्यानं जिवापाड सांभाळलं असतं, इथं तर पोरानं आयुष्यात पहिल्यांदा बापावर काहीतरी सोपवलं होतं. तो कपडे आणि डबा आणायला संध्याकाळी बाभुळगावला आला. घरात पाऊल टाकायच्या आधी दुकानाचं शटर वर केलं. मशीन तापवलं. हातातल्या त्या कागदावर सलाईनचा एक थेंब पडून आधीच फुगवटी आली होती, ती त्यानं रुमालानं टिपली. चांगल्यातलं जाड प्लास्टिक काढलं, जे तो लग्नाच्या फोटोंसाठी ठेवायचा. कागद मधोमध बसवला आणि आत सोडला.

तुम्ही म्हणाल, एवढा कामातला माणूस, त्याला कळू नये? पण सांगतो. त्याच्या दुकानात जन्मभर आलेले कागद सही होऊन, शिक्का बसून, पुरे होऊन आलेले. त्यांना फक्त टिकायचं असे. ज्याच्यात अजून काही व्हायचं बाकी आहे असा कागद त्यानं हाताळलाच नव्हता. मशीनमधून तहखाना गरम गरम बाहेर आला, कोपरे त्यानं कात्रीनं गोल केले, आणि रात्री निवांतपणे पोटभर जेवला.

सकाळी परवेज उशीवर पडून होता. बरा दिसत होता, फक्त मान उचलत नव्हती, आणि बोलताना मध्येच दम घेत होता. ‘आणला?’ त्यानं विचारलं. वाहिदभाईनं पिशवीतून तो कागद असा काढला की जणू ईदी देतोय. खिडकीच्या उजेडात तो चमकला. कशफ बघतच राहिली. परवेजनं फासा टाकला. तो चादरीवर घरंगळला आणि कशफनं आकडा सांगितला. परवेजनं पेन्सिल टेकवली आणि रेघ ओढली. पेन्सिल सरकली, रेघ उमटली नाही. त्यानं पुन्हा ओढली. मग बोटानं चाचपून पाहिलं, एकदा या कडेला, एकदा त्या कडेला.

‘बंद केला अब्बा तुम्ही त्याले,’ तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, वाहिदभाई नंतर कितीदा तरी म्हणाला, शिवी दिली असती तरी मी घेतली असती. त्याला आधी काही समजलंच नाही, आणि समजलं तेव्हा इंदुताईंचा दाखला, तो शिक्का, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. ‘झेरॉक्स काढून आणतो बेटा,’ तो म्हणाला. ‘थांब. आत्ता आणतो. गेटापाशीच दुकान हाय. त्याच्यावर काढ तू. थांब फक्त.’

परवेज जरासा हसला. ‘थांबतो ना. कुठं जातो मी.’

वाहिदभाई धावत जिना उतरला. दुकानातल्या पोऱ्याकडे कागद दिला. कॉपी निघाली, आणि तिच्यावर सुरुवातीच्या खोल्या होत्या, ग्रेडर होता, लाइनमनचा बोळ होता. दवाखान्यात काढलेल्या खोल्या नव्हत्या. त्या फिकट रेघा मशीनला दिसल्याच नव्हत्या. दार नव्हतं, ठिपकाही नव्हता. ‘डार्क कर!’ वाहिदभाई ओरडला. दुसरी कॉपी राखेरी झाली, त्यावरही काही नाही. ‘अबे कामाचा नाईस तू, सरक!’ म्हणून तो काउंटरच्या आत घुसला, पोऱ्याला ढकललं, बटणं दाबली, झाकण उघडं ठेवून पाहिलं, प्लास्टिकची चमक मारू नये म्हणून वरून स्वतःचा रुमाल टाकून पाहिलं. लोक तमाशा बघत होते. कॉपीवर कॉपी निघत होती. शेवटी एकीवर, डोळे ताणून पाहिलं तर, ती खोली, ते दार आणि तो ठिपका दिसला. जेमतेम. वाहिदभाईनं तो कागद उचलला आणि पळाला. मूळ कागद काचेवरच राहिला. मागून पोऱ्या तो घेऊन धावत आला.

वर खाट रिकामी होती. उशीला अजून खळगा होता. जुबैदा भिंतीला टेकून बसली होती. कशफ म्हणाली, ‘श्वासच घेता नाई आला अब्बा त्याले. आत नेलं. मशीनवर टाकलं.’ वाहिदभाईच्या हातातली कॉपी घामानं ओली झाली होती. तो दाराबाहेर ती धरून उभा राहिला. आत कुणाला सोडत नव्हते. सोडलं असतं तरी काय, नळी घातलेला माणूस खोल्या काढत नाही. परवेज पुन्हा बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, जोहरच्या नमाजाच्या सुमाराला तो गेला.

बाभुळगावच्या कब्रस्तानात अख्खा बाजार लोटला होता. ज्यांचे पंप शेडमध्ये पडून होते तेही आले, मान खाली घालून. पंप मागायची कुणाची छाती झाली नाही.

चाळिसावा झाला आणि जुबैदानंच वाहिदभाईला दुकानात लोटलं. ‘घरात बसून भिताडं पाह्यता तुम्ही, जा.’ तो गेला. पहिलं गिऱ्हाईक तांड्यावरच्या रुपीबाई. नातीचं बारावीचं मार्कशीट घेऊन आल्या होत्या. ‘प्लास्टिक मारून दे रे भाऊ, यंदा पयल्या नंबरानं पास झाली माही नात.’ वाहिदभाईनं मार्कशीट हातात घेतलं. उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. मशीन तापलं होतं, पण कागद काही त्याच्या हातून सुटेना.

‘याच्यावर आता काही लिहाचं राह्यलं तर नाई ना बाई?’ त्यानं विचारलं.

‘आता काय लिहाचं राह्यन याच्यावर?’ रुपीबाई चक्रावल्या.

‘नाई, पण नीट आठवून पाहा. काही काढाचं असन. एखांदी रेघ. माह्यापाशी आला का मंग काही होत नाई.’ असं म्हणता म्हणता तो मोठा माणूस, त्या मार्कशीटवर पाणी पडू नये म्हणून ते बाजूला धरून, हमसून हमसून रडायला लागला. रुपीबाईंना सगळं ठाऊक होतं, सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्यांनी मार्कशीट हळूच काढून घेतलं आणि पदरानं डोळे पुसत स्टुलावर बसून राहिल्या.

कशफ मागे कॉम्प्युटरवर होती, तिनं हे ऐकलं. दुपारी ती घरी गेली आणि परत आली तेव्हा तिच्या ओढणीत तो तहखाना होता, लुडोचा फासा होता आणि शिकवणीतून आणलेला एक काळा मार्कर. ‘हा प्लास्टिकवर उमटते अब्बा,’ ती म्हणाली. ‘ओल्या फडक्यानं पुसल्या जाते, पण उमटते. फासा टाका. भाईची खोली काढून देऊ आपण. थो तिथंच उभा हाय ना.’

वाहिदभाईनं फासा तळहातावर घेतला. लहानसा, एका कोपऱ्याला घासलेला. एकच चौकोन तेल. जिना पडला तर पोरगा बाहेर; पण बोंडअळी पडली तर? रिकामी खोली पडली तर? त्याच्या हातानं दिवा विझायचा. एकदा त्याच्या हातानं एवढं झालं होतं, ते पुरे होतं. त्यानं फासा काउंटरवर ठेवला आणि त्यावर बोट दाबून धरलं, आपोआप कलंडू नये म्हणून.

‘फासा नाई टाकत मी,’ तो म्हणाला. ‘मार्कर दे.’

त्यानं चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला, आणि ते फिकट दार शोधलं. दारासमोर परवेजचा ठिपका होता, पेन्सिलचा, लहानसा. वाहिदभाईनं श्वास रोखून त्याच्या अगदी शेजारी दुसरा ठिपका काढला.

‘अब्बा,’ कशफ चटकन म्हणाली, ‘याच्यात दुसरा...’

‘मालूम हाय मले,’ वाहिदभाई म्हणाला. ‘त्यानं सांगतलतं.’

तो कागद आता काउंटरच्या काचेवर चिकटवलेला आहे. येणारे-जाणारे त्यावर आपले अर्ज ठेवतात, कोपरं टेकवतात, सुटे पैसे मोजतात, आणि दिवसभरात मार्करचा ठिपका पुसला जातो. पेन्सिलचा पुसत नाही, तो प्लास्टिकखाली आहे. रोज सकाळी शटर वर केलं की वाहिदभाई आधी मार्कर शोधतो, वाकून पोराशेजारी आपला ठिपका पुन्हा काढतो, वाळावा म्हणून त्यावर हलकी फुंकर मारतो, आणि मग समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारतो, ‘हं, किती कॉप्या?’